हट्ट नव्हे, दुखणं

मैत्रिणींनो, विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण बोलायलाच हवा. लेकरू कोपऱ्यात पाय आवळून उभं राहतं, चेहरा लाल होतो, पण शी काही करत नाही. आपण म्हणतो, ‘हट्टी आहे मेलं!’ अहो, तो हट्ट नसतो, भीती असते. एकदा कडक शी होताना दुखलं, की पुढच्या वेळी मूल ती रोखून धरतं. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते आणि आणखी दुखते. कधी चीर पडून रक्ताची रेघ दिसते. खडा आत अडला, की बाजूने पातळ शी झिरपते आणि चड्डी खराब होते. आपल्याला वाटतं, मुद्दाम करतं. त्यापायी मार खातं बिचारं!

दारातल्या कुत्र्याचंही तेच. मटणाची हाडं खाल्ली, की शी खडूसारखी होते, ते कुंथतं, केकाटतं. बोका सारखा कुंथत असेल, तर लघवीही तुंबलेली असू शकते. त्याला लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

मुलांच्या बाबतीत निम्मं कारण घरात असतं. दिवसभर दूध-बिस्किटं, त्यात आमच्या केळापूरकडचा कडक उन्हाळा आणि पाणी कमी. भाकर, पालेभाजी, पेरू, पपई द्या. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसवा. साबणाची वडी घालायचा जुना उपाय मात्र नको. पोट फुगलं, उलट्या झाल्या, ताप आला किंवा वारंवार रक्त दिसलं, तर डॉक्टर गाठा.

उरलेलं कारण शाळेत सापडतं. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहेत. २०१४ मध्ये ‘स्वच्छ विद्यालय’ मोहीमही निघाली. पण नुसत्या भिंती काय कामाच्या? कडी नाही, पाणी नाही, तिथे मुलगी जाणार कशी? मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि घरी येईपर्यंत कळ काढते.

त्याच कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं सांगितलंय. सहीपुरतं जाऊ नका गं! पुढच्या बैठकीत आधी स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा, नळ सोडून बघा, मग सही करा. लेकरांना रागावण्याआधी एवढं तर आपण करूच शकतो.