पन्नाशीतली पदवी

उतारवयात पदवी घेणारे ‘तरुणांच्या जागा अडवतात’, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेच मुळी ज्यांचे शिक्षण घरच्या ओढाताणीत सुटले त्यांच्यासाठी. तिथे कुणाची जागा कोण अडवणार?

मी मुक्त शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक आहे. वर्गात एसटीचे वाहक असतात, अंगणवाडीसेविका असतात. बढतीसाठी पदवीची अट असते, म्हणून बहुतेक जण येतात. ज्ञानलालसा वगैरे नंतर, आणि त्यात काही गैर नाही. ‘दूरशिक्षणाची पदवी दुय्यम’ हा दुसरा मुद्दाही जुना झाला. मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणातील पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पदवी मिळूनही पगार जागचा हलत नाही, ही पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त आहे. पण तो जाब विद्यार्थ्याला कशाला विचारायचा? परीक्षेपुरती रजा मागितली तरी कपाळाला आठ्या घालणाऱ्या साहेबांना विचारावा.

– एक समंत्रक