विश्लेषण : फ्लॅश गेले, विंडोज १०चा आधारही संपला, जुन्या संगणकावर अ‍ॅनिमेशन कसे करायचे?

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागते. मग रत्नागिरी तालुक्यातील पावससारख्या गावांत शाळेतला किंवा घरातला जुना संगणक मोडीत काढायचा का? लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हा मोफत पर्याय आहे.

जुन्या धड्यांचे काय?
अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला. सीडीवरचे एसडब्ल्यूएफ धडे ‘रफल’ या मुक्त सॉफ्टवेअरवर बरेचदा चालतात. पण सगळेच चालतील याची खात्री नाही.

नवे अ‍ॅनिमेशन कशावर?
एकेक चित्र हाताने काढायचे तर ‘पेन्सिल टूडी’ हलके आहे. ‘सिनफिग’ मात्र दोन स्थितींमधली हालचाल फ्लॅशप्रमाणे स्वतःच भरून काढते. फ्लॅशच्या मूळ एफएलए फाइल या दोन्हींत उघडत नाहीत. काम नव्याने करावे लागते.

व्हिडिओ संपादनाचे काय?
नुसती काटछाट आणि जोडणी करायची तर ‘अ‍ॅव्हिडेमक्स’ पुरते. शीर्षके, संगीत हवे असल्यास ‘शॉटकट’ किंवा ‘केडेनलाइव्ह’. त्यांत ‘प्रॉक्सी’ सुरू केल्यास संपादन हलक्या प्रतीवर होते.

मर्यादा कोणती?
लिनक्स रॅम वाचवते, व्हिडिओचे वजन नाही. त्यामुळे जुन्या संगणकासाठी मोबाइलवर फोर-केऐवजी ७२०पीमध्ये चित्रण करणे शहाणपणाचे. विंडोज पुसण्याआधी फाइलींची प्रत काढून लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पडदा, आवाज, वाय-फाय नीट चालले, तरच पुढचे पाऊल!