शाश्वत विकासाचे शिक्षण आणि जाहीर चर्चा

शाश्वत विकास शिकवण्याचे साधन म्हणून जाहीर चर्चेचा पुरस्कार केला की तीन आक्षेप हमखास पुढे येतात. विषय शास्त्राचा आहे, त्यात सामान्य माणसाला काय कळणार, हा पहिला. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा आहेच, मग वेगळी खटपट कशाला, हा दुसरा. चार माणसे जमली की भांडणे होतात, निर्णय लांबतो आणि शेवटी दांडग्यांचेच चालते, हा तिसरा. तिन्ही आक्षेपांत थोडेफार तथ्य आहे, पण चर्चा टाळावी हा निष्कर्ष त्यांपैकी एकातूनही निघत नाही.

पहिल्या आक्षेपात माहिती आणि निवड यांची गल्लत झाली आहे. ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७च्या अहवालाने रूढ केलेल्या व्याख्येच्या केंद्रस्थानी आजच्या व पुढच्या पिढ्यांच्या गरजा आहेत. कोणाची गरज आधी भागवायची, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हा हिशेब शास्त्राचा. त्यातले किती वाहून गेले, किती मुरले, याचा अंदाजही शास्त्रच देते. पण हाती उरलेल्या पाण्यातून पिण्याचे व जनावरांचे बाजूला काढल्यावर यंदा कोणती पिके घ्यायची, हे ग्रामसभेत ठरते. उसासारख्या पाणीखाऊ पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला या गावाने स्वतःच बंदी घातली. भूजलाचा धडा असा शिवाराच्या हिशेबातून आणि शेजाऱ्यांसमोर बसून गिरवला की तो पक्का होतो. तज्ज्ञाची गरज त्यामुळे संपत नाही. त्याने दिलेले आकडे लोकांच्या विचाराचा पाया होतात.

दुसऱ्या आक्षेपाला आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निर्देशांचा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यास सांगितले. त्यामुळे विषय वर्गात पोहोचला, हे मोठेच काम झाले. मात्र परीक्षेला एकच बरोबर उत्तर लागते आणि विकासाच्या प्रश्नांना तसे उत्तर क्वचितच असते. धरणाच्या पाण्याची वाट पाहणारे गाव आणि त्याच धरणात बुडणारे गाव, दोघांचीही बाजू खरी असते. ती उमजण्यासाठी विद्यार्थ्याला दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत. शाळांतील वादविवाद स्पर्धा येथे कमी पडते, कारण तिथे लक्ष ढालीवर असते. पटले तर मत बदलण्याची मोकळीक फक्त चर्चेत मिळते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मात्र तो चर्चेच्या वाईट पद्धतीला लागू पडतो. २००६च्या अधिसूचनेनुसार होणारी पर्यावरणीय जनसुनावणी हे त्याचे उदाहरण. किमान ३० दिवसांची सूचना आणि स्थानिक भाषेतला गोषवारा एवढ्यावर लोकांनी बोलायचे असते, तेही प्रकल्पाचा आराखडा हाती तयार असताना. पश्चिम घाटावरील गाडगीळ समितीने आपल्या शिफारशी ग्रामसभांपुढे चर्चेसाठी जाव्यात, असा आग्रह धरला होता. समितीने ऑगस्ट २०११मध्ये दिलेला अहवाल मात्र मे २०१२मध्ये खुला झाला. माहिती दडवली की तिची जागा अफवा घेतात आणि मग चर्चेलाच दोष दिला जातो.

चांगली पद्धत कशी असते, हे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले आहे. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगवेगळ्या चालतात. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही बसतो, शंका विचारल्या जातात, माहिती तपासली जाते, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचेही समाधान झाले नसेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. त्यामुळे दांडग्यांना हात वर करवून विषय उरकता येत नाही. याला वेळ लागतो, हे खरे. पण पोळे न जाळता, माश्या न मारता मध काढण्याची रीत या गावात अशाच अभ्यासातून आली. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूचा कारभार सांभाळण्याची तयारीही याच सवयीने करून दिली.

तेव्हा चर्चेला शिक्षणाचे रूप येण्यासाठी तीन गोष्टी लागतात : निर्णयाच्या बऱ्याच आधी आणि मराठीत मिळणारी पूर्ण माहिती, अभ्यास व निर्णय यांची फारकत, आणि दुबळ्याचा आक्षेप नोंदवून त्याला उत्तर देण्याची शिस्त. शाळांनी वरच्या वर्गांतील मुलांना गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायला लावावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवू द्यावा. शिक्षक, सरपंच आणि पालक यांनी मनावर घेतले तर येत्या पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेतच याची सुरुवात करता येईल.