तीन महिने वाया कुणाचे?

जानेवारी 1924. पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवडा तुरुंगातल्या एका कैद्याचं अपेंडिक्स काढणं चाललं होतं आणि ऐन शस्त्रक्रियेत दिवा गेला. कर्नल मॅडॉक यांनी उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. तो कैदी म्हणजे महात्मा गांधी. त्यांच्याच नावाचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला उभं केलं.

या कंदिलाची आठवण आज काढण्याला कारण आहे. 2020 च्या नियमदुरुस्तीनं एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं झालं. त्यावर मोठ्या शहरांतून येणारा आक्षेप ठरलेला आहे: सर्जन हातानं घडतो, छत्तीस महिन्यांतले तीन गेले तर हात कच्चा राहतो, आणि जिथं शस्त्रक्रियेची धड दुर्बीण नाही तिथं तो शिकणार तरी काय?

आक्षेप वजनदार वाटतो, पण तो गृहीत धरतो की मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर रोज चाकू चालवत असतो. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं त्याच्या हातात बहुधा रिट्रॅक्टर असतो, नाहीतर रक्तपेढीचा फॉर्म आणि डिस्चार्ज कार्ड. एका हर्नियामागे प्राध्यापक, सहयोगी, वरिष्ठ निवासी अशी रांग. हर्निया, हायड्रोसील, गळू, अपेंडिक्स या सर्जनच्या बाराखडीसाठी छोट्या रुग्णालयात एवढे वाटेकरी नसतात. तिथं गेलेले तीन महिने हाताचेच असतात.

राहिली यंत्रं. मळणी यंत्रात हात सापडलेला मजूर रात्री वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या रुग्णालयात आला, तर रक्त कसं थांबवायचं, तुटलेला भाग कसा जपायचा, नागपूरला कधी धाडायचं आणि कधी मुळीच धाडायचं नाही, हे दुर्बीण शिकवत नाही. जवळपास काय नाही हे ओळखून निर्णय घेणं हासुद्धा शल्यकौशल्याचाच भाग आहे. ससूनमधला तो कंदील दुसरं काय होता?

तिसरा सूर जरा उपहासाचा असतो: गावोगाव फिरणं हा समाजवैद्यकवाल्यांचा उद्योग, सर्जनला त्याचं काय? सेवाग्रामनं पहिल्यापासून याच्या उलट धरलं. विद्यार्थी आधी आश्रमातल्या शिबिरात राहतो, मग गावात मुक्काम करतो. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. देशभरच्या एमबीबीएस शिक्षणात पायाभूत अभ्यासक्रम आला 2019 मध्ये आणि कुटुंब दत्तक योजना 2022 मध्ये. दिल्लीला सेवाग्राम गाठायला अर्धं शतक लागलं! सर्जनला त्याचा उपयोग असा. जूनमध्ये अंतर्गळ (हर्निया) घेऊन आलेला शेतकरी म्हणतो, "पेरणी उरकू द्या, मग पाहू." खेडं न पाहिलेला डॉक्टर मान डोलावून तारीख देतो. खेडं पाहिलेल्याला ठाऊक असतं की पेरणीमागून डवरणी येते, डवरणीमागून वेचणी, आणि मग तोच माणूस आतडं अडकून रात्री स्ट्रेचरवर येतो. तो घरच्यांना समोर बसवून आजच पटवतो.

आक्षेपकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. आलेल्या निवासी डॉक्टरला अपघात विभागात रात्रपाळीचा फुकटचा हात म्हणून बसवलं, शेजारी ज्येष्ठ सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, तर ते प्रशिक्षण नव्हे, वेठबिगारीच. शस्त्रक्रियांची नोंद ठेवणाऱ्या लॉगबुकाचंही तसंच: 'केले'पुढची बरोबरची खूण कुणाच्या देखरेखीत पडली हे कोणी विचारत नसेल, तर तिची किंमत शाईइतकीच.

पण हा दोष अंमलबजावणीचा आहे. म्हणून निवासी डॉक्टरांच्या संघटनांनी तीन महिने रद्द करा असं म्हणण्यापेक्षा शासनाकडे दोन गोष्टी मागाव्यात: जिथं निवासी पाठवायचा तिथं टेबलापाशी उभा राहणारा शिक्षक, आणि त्याच्यासोबत पूर्णवेळ भूलतज्ज्ञ.