मात्रा एक, महिने अकरा

माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय. १९८२ च्या करारनाम्यावर तसंच आहे, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही तसंच. महापालिकेनं दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ते ‘दत्तात्रेय’ झाले. त्या एका मात्रेपायी माझ्या आईचं घर अकरा महिने विकलं गेलं नाही.

आईचं वय ७८. मुंबईलगतच्या एका शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेले. भाजीवाला खालून हाक मारतो, ती वरून दोरीला बांधलेली पिशवी सोडते. ते घर विकायचं आणि नाशिकला बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला जायचं, एवढीच तिची इच्छा. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं. नवराबायको दोघं नोकरी करणारे, लहान मूल, भाड्याच्या खोलीत राहणारे. ४६ लाखांना सौदा ठरला, इसारपावती झाली, त्यांचं कर्जही मंजूर झालं. कुणाच्या मनात खोट नव्हती, भाऊबंदकीचं भांडण नव्हतं, कोर्टात दावा नव्हता. तरी अकरा महिने गेले. म्हणूनच हे लिहितो आहे. वादातल्या जागेचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिथं वादच नाही तिथंही माणसाला असं पिळतात, याचा मला संताप आहे.

बँकेच्या वकिलानं फाईल चाळली आणि त्या मात्रेवर बोट ठेवलं. ‘नाव जुळत नाही. दुरुस्त करून आणा.’ मी सोसायटीत गेलो. सेक्रेटरी म्हणाले, आमच्याकडे ४० वर्षांपूर्वी दिलं तसंच नाव आहे, दाखला चुकलाय, तो बदला. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात गेलो. तिथले बाबू म्हणाले, मयताच्या नावाचा शासकीय पुरावा आणा. आधार कार्ड दाखवलं, त्यावर इंग्रजीत बरोबर आणि मराठीत पुन्हा ती मात्रा. मग त्यांनी सल्ला दिला, ‘गॅझेट करून घ्या.’ मी विचारलं, कुणाचं? ‘ज्यांचं नाव बदलायचंय त्यांचं.’ माणूस जाऊन चार वर्षं झाली होती आणि हे वाक्य समोरच्या माणसानं मान वर न करता म्हटलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १५ आहे. नोंदीतली चूक निबंधकानं दुरुस्त करावी, त्यासाठीच ते आहे. ते मी वाचून दाखवलं तेव्हा उत्तर आलं, ‘साहेब रजेवर आहेत.’

अखेर प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं: दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. कशावर? पाचशेच्या स्टॅम्पवर. आता हे नीट ऐका. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र सरकारनं १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनं माफ केलेलं आहे. साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालतं. त्याला वीस वर्षं उलटून गेली. तरी खिडकीतला माणूस शंभरचा स्टॅम्प मागत राहिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान शुल्क शंभरावरून पाचशेवर गेल्यापासून पाचशेचा मागतो. दाखल्यासाठी रांगेत उभी राहिलेली विधवा, कॉलेजचा विद्यार्थी, गावाहून आलेला शेतकरी, प्रत्येकाच्या खिशातून जे द्यायचं नाही ते काढून घेतलं जातं. माफीचा फलक लावायला किती खर्च येतो? मी फिरलो त्यातल्या एकाही कार्यालयाच्या भिंतीवर तो नव्हता.

माझा मुद्दा साधा आहे. करारनामा झाला तो सरकारी मुद्रांकावर. सोसायटी नोंदवली सहकार खात्यानं. मृत्यूची नोंद महापालिकेची, आधार केंद्राचं, घरपट्टी पुन्हा महापालिकेचीच. एकही कागद माझ्या घरी तयार झालेला नाही. यांनीच लिहिलं, यांनीच शिक्का मारला, चूकही यांचीच. आणि एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलाला खरा आहे हे पटवून द्यायचं काम मात्र माझं. त्यासाठी रजा माझी, रिक्षाभाडं माझं, झेरॉक्स माझी. एकाच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याचा कागद पहिल्या मजल्याला मान्य नाही, तर त्या दोन मजल्यांनी आपसात बोलावं. नागरिक यांचा शिपाई नाही.

बरं, एवढं सगळं तपासून सरकार खरेदीदाराला कसली हमी देतं? काहीही नाही. बहुतेकांना हे घर घेईपर्यंत माहीतच नसतं. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची होत नाही. दुय्यम निबंधक दस्त लिहून देणारा ओळखून घेतो, शुल्क भरलं का ते पाहतो, शिक्का मारतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलं की विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही. कायदा तसा असेल तर असो. पण मग त्या तरुण जोडप्यानं ४६ लाखांवर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि तीस हजार नोंदणी फी, मिळून ३ लाख ५२ हजार रुपये भरले, ते कशाचे? मालकीची खात्री करून घ्यायला त्यांनी वेगळा वकील लावला. त्यानं तीस वर्षांचा सर्च घेतला, त्याचे वेगळे पैसे. आणि त्या सर्च रिपोर्टात शेवटी काय लिहिलेलं होतं? अमुक वर्षाची इंडेक्स दोनची पानं फाटलेल्या अवस्थेत आहेत, तमुक वर्षाचं पुस्तक बाइंडिंगला गेलेलं असल्यानं पाहता आलं नाही. ज्यांनी असे रिपोर्ट वाचलेत त्यांना ही वाक्यं पाठ असतील. लोकांच्या आयुष्याच्या कमाईची नोंद ज्या वह्यांत आहे त्या वह्या सरकारला सांभाळता येत नाहीत, आणि माझ्या आईनं मात्र १९८२ ची पाच रुपयांची स्टॅम्प लावलेली प्रत वाळवी लागू न देता चाळीस वर्षं जपली. करारनाम्याच्या त्या जुन्या पानांना अजून डांबरगोळ्यांचा वास येतो.

सोसायटीचं वेगळंच. आई नॉमिनी होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदा सांगतो की वारसांचं ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घ्या. तेवढ्यानं विकता येत नाही. त्यासाठी आम्ही भावाबहिणींनी हक्कसोडपत्र नोंदवून दिलं, दोन वर्तमानपत्रांत ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी जाहीर नोटीस दिली, चौदा दिवस वाट पाहिली, कुणाची हरकत आली नाही. हे सगळं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. ट्रान्सफरच्या वेळी कमिटीनं इमारत निधी म्हणून दोन लाख मागितले. महापालिका हद्दीत ट्रान्सफरचं अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही, देणगीच्या किंवा कुठल्याही दुसऱ्या नावाखालीही नाही, हा सरकारचा आदेश ९ ऑगस्ट २००१ चा आहे. तो दाखवला तर म्हणाले, ‘ही तुमची स्वेच्छा आहे. नाही दिलीत तर एनओसीचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ.’ आणि आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीच्या एनओसीची गरजच नाही! पण बँक ती मागते, बँक मागते म्हणून कमिटीच्या हातात दोरी येते, आणि ज्या बाईनं या इमारतीत चाळीस वर्षं वेळेवर मेंटेनन्स भरला तिला महिनाभर रखडवलं जातं. मागणारे परके नव्हते. दिवाळीला फराळाची ताटं यांच्याच घरी जात होती. दोन लाख मी दिले नाहीत. उपनिबंधकांकडे लेखी तक्रार टाकली, तेव्हा आठ दिवसांत एनओसी मिळाली. पण त्या आधीच्या महिन्यात कर्जाच्या मंजुरीची मुदत संपली. त्या मुलांना कर्जाची प्रक्रिया नव्यानं करावी लागली, आणि त्यात गेलेला एक पैसाही त्यांना कुणी परत केला नाही.

मुदतीवरून आठवलं. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो, नाहीतर दंड. मुद्रांक शुल्क कमी भरलं असेल तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के. आता बिल्डरची मुदत बघा. फ्लॅटधारकांसाठीचा मोफा कायदा १९६३ चा. सोसायटी नोंदवल्यापासून, करारात दुसरी मुदत नसेल तर, चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची. आमची सोसायटी १९८४ ची. मालमत्ता पत्रकावर आजही मूळ जमीनमालकाचं नाव आहे. बिल्डरचे चार महिने चाळीस वर्षांत संपले नाहीत. अशांसाठी २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, आणलं, पण त्यासाठी धावपळ पुन्हा सोसायटीनंच करायची, अर्ज तिचा, कागद तिचे, खर्च तिचा. ज्यानं कायदा मोडला त्याच्या दारात कुणी जात नाही. आणि घर विकताना ‘कन्व्हेयन्स झालेलं नाही’ म्हणून बँकेपुढे मान खाली घालायची ती माझ्या आईनं.

सरकारी उशिराची किंमतही ठरलेली आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवेत अधिकाऱ्यानं पुरेशा कारणाशिवाय उशीर केला तर दंड ५०० ते ५,००० रुपये, आणि तोसुद्धा अपील करत वर गेलात तर. माझ्या उशिराला टक्केवारीनं व्याज चढतं, यांच्या उशिराला एका प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पाइतकी किंमत.

शेवटी नोंदणीचा दिवस आला. सकाळी अकराचं टोकन. आईला खुर्चीवर बसवून मी आणि शेजारचा मुलगा, दोघांनी तीन मजले उतरवलं. नोंदणी कार्यालय पहिल्या मजल्यावर, तिथं पुन्हा चढवलं. सव्वाअकराला सर्व्हर बंद पडला. बसायला दोन बाकं, उभी माणसं पन्नासएक. पाणी नाही, स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. तेवढ्यात एक एजंट जवळ येऊन कानाशी बोलून गेला की आठ हजारांत सगळं ‘सेट’ होईल. तीन वाजता सर्व्हर आला. आईनं अंगठा ठेवला, यंत्रानं घेतला नाही. पुन्हा ठेवला, नाही. जन्मभर भाकरी थापून, भांडी घासून गुळगुळीत झालेला अंगठा तो. ऑपरेटर मुलगा चांगला होता, कंत्राटी होता बिचारा, त्यानं स्वतःच्या रुमालानं तिचं बोट पुसलं, हलकेच दाबलं. सातव्या वेळी उमटला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘माझीच चूक झाली का रे काही?’

ते वाक्य मी विसरणार नाही. आणि नंतर मला कळलं की तिला तिथं न्यायची गरजच नव्हती. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३८ शरीरानं थकलेल्यांना कार्यालयात येण्यातून सूट देतं, अधिकाऱ्यानं घरी जाऊन जबाब घेण्याची तरतूद त्यात आहे. टोकन घेताना नाही, फोनवर नाही, खिडकीवर नाही, कुणीही एका शब्दानं सांगितलं नाही. नव्या इमारतीतल्या पहिल्या विक्रीचा दस्त बिल्डरच्या ऑफिसात बसून ऑनलाइन नोंदवता येतो. ती सोय करता आली, कारण तिथं बिल्डर आहे. ७८ वर्षांच्या विकणाऱ्या बाईसाठी एक छापील ओळही नाही.

मला समित्या नकोत, नवं पोर्टल तर मुळीच नको. चार गोष्टी उद्या करता येतील. जो कागद सरकारच्याच एका खात्यात आहे तो नागरिकाकडे मागायचा नाही, मागवून घ्यायचा. कागदांत काय त्रुटी आहेत ते पहिल्याच दिवशी एकदम लेखी द्यायचं, दर फेरीला नवी काढायची नाही. प्रतिज्ञापत्राची माफी आणि कलम ३८ दारावर मोठ्या अक्षरात लावायचं. आणि खिडकीनं उशीर केला तर त्या काळातलं व्याज, त्या काळातलं घरभाडं त्या खिडकीनं भरायचं. ही चौथी झाली की पहिल्या तीन आपोआप होतील.

पैसे बँकेत जमा झाल्यावर आठवड्यानं ती मुलगी किल्ल्या घ्यायला आली. आईनं किल्ल्यांबरोबर जुनी निळी फाईल तिच्या हातात दिली. करारनामा, मेंटेनन्सच्या पावत्या, जाहीर नोटिशीची कात्रणं, आणि सगळ्यात वर ते पाचशेचं प्रतिज्ञापत्र, दत्तात्रय आणि दत्तात्रेय एकच असल्याचं. ‘यातलं काही टाकू नकोस हं,’ आई म्हणाली. ‘आणि तुझ्या नवऱ्याचं नाव सगळीकडे सारखं लिहिलंय का, तेवढं आजच बघून घे.’