'कां' हा शब्द कोणाचा?

विज्ञानाचा तास चालला आहे. गुरुजींनीं घमेल्यांत पाणी घेऊन त्यांत एक बटाटा सोडावयास हातीं धरला आहे. मुलें भोंवतीं दाटलीं आहेत. बटाटा बुडेल कीं तरेल यावर पैजा लागल्या आहेत. या घोळक्यापासून चार हात दूर, चाकांच्या खुर्चींत, एक मूल बसलें आहे. त्याला दिसतें, ऐकूं येतें, समजतेंहि. परंतु मेंदूच्या विकारामुळें त्याची जीभ त्याच्या ताब्यांत नाहीं. त्याच्या मांडीवर चित्रांचा एक फलक आहे. बोटानें किंवा नजरेनें त्यानें चित्र दाखवावें आणि समोरच्यानें अर्थ जाणावा, अशी ही योजना. पण फलकावर चित्रें आहेत तीं पाणी, भूक, शौच, घर आणि दुखणें एवढींच. म्हणजे या मुलाला पाणी मागतां येतें. त्याच पाण्यांत बटाटा कां बुडाला, हें मात्र विचारतां येत नाहीं! तास संपतो, पटावर त्याची हजेरी लागते, आणि समावेशक शिक्षणाचें पुण्य शाळेच्या पदरीं पडतें.

हें पुण्य खोटें आहे, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

गोठ्यांतलें वासरूंहि भूक लागली कीं हंबरतें. मागण्याची विद्या निसर्गानें सर्व प्राण्यांस दिली आहे. विचारण्याची विद्या तेवढी मनुष्याची. ज्या साधनांतून केवळ मागतां येतें, तें साधन मुलास बोलकें करीत नाहीं, जन्माचा याचक करून ठेवितें. आणि यांत दोष यंत्राचा म्हणावा तर तसेंहि नाहीं. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत तयार झालेलें 'जेलो' हें चित्रसंवादाचें साधन मोबाइलवर विनामूल्य मिळतें, आणि मराठींतहि मिळतें. आवडतें, नावडतें, हवें, नको, आणखी, कमी हीं त्याचीं मुख्य बटनें. यंत्र सज्ज आहे. त्यांत कोणते शब्द भरावे, हें ठरविणारें मनच संकुचित आहे.

कायदा तरी या मनाहून उदार आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत वाचा व भाषा यांच्या दोषास स्वतंत्र स्थान नव्हतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें तें दिलें. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ होते ते २१ झाले. त्याच्या १७ व्या कलमांत पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींस उत्तेजन देण्याचें कर्तव्य सरकारवर व स्थानिक संस्थांवर टाकिलें आहे. त्याचा हेतुहि तेथेंच सांगितला आहे: रोजच्या गरजा सांगतां याव्या, इतकेंच नव्हे, तर समाजांत भाग घेतां यावा आणि त्यांत आपली भर घालतां यावी. २०११ च्या जनगणनेंत वाचादोष असलेल्यांची संख्या सुमारे २० लक्ष भरली. या २० लक्षांनीं भर कशांत घालावी? आम्ही तर त्यांस तहानेपलीकडे शब्दच देत नाहीं!

यावर एक ठरीव उत्तर येतें: 'हें सारें मुंबई-पुण्यास ठीक, इस्लापुरास कसें जमावें?' नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतलें हें गांव. आसमंतांत सागाचें रान. मुलांच्या घरीं कोठें मराठी, कोठें गोंडी, कोठें कोलामी, कोठें बंजारा, कोठें तेलुगू. येथें यंत्र कोठून आणावें आणि तज्ज्ञ कोठून? प्रश्न वरवर रास्त दिसतो. आमचें म्हणणें याच्या उलट आहे: हें जमावयाचें असेल तर अशाच गांवीं आधीं जमेल. जेथें निरनिराळ्या बोली बोलणारीं माणसें एका बाजारांत वावरतात, तेथें हातवाऱ्यांनीं सौदा पुरा करणें कोणास नवें आहे? शब्दावांचून अर्थ ओळखण्याची संवय ज्या गांवास आहे, त्यास फलकाची भाषा कां अवघड वाटावी? मात्र चित्राखालीं शब्द लिहावयाचा तो त्या मुलाच्या घरचा हवा. आईच्या तोंडीं गोंडी आणि फलकावर केवळ पुस्तकी मराठी, असें झालें तर आम्ही त्याचें तोंड दुसऱ्यांदां बंद केलें असें होईल.

आतां खर्च. बटाट्याचाच प्रयोग घ्या. एक बटाटा, एक लिटर पाणी, दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर आठ चौकटी आंखाव्या: 'बुडेल', 'तरेल', 'आणखी', 'थांब', 'पुन्हां करा', 'मला पटत नाहीं', 'माझा अंदाज चुकला', आणि आठवी, सर्वांत मोठी, 'कां?' बटाटा सोडण्यापूर्वीं प्रत्येकानें अंदाज सांगावा, आणि फलकाच्या मुलानें सर्वांआधीं. नाहींतर तें दुसऱ्याचीच नक्कल करितें असा संशय घ्यावयास आपण मोकळे! बटाटा बुडतो. मग मीठ घालणारा हात सोबत्याचा, हुकूम मात्र त्याचा: 'आणखी', 'आणखी', 'थांब'. मीठ विरघळून पाणी इतकें दाट होतें कीं तेवढ्याच आकाराच्या बटाट्याहून तें जड भरतें, आणि बुडालेला बटाटा हळूहळू वर येतो. हें त्या मुलानें घडविलें. ज्याचें बोटहि हलत नाहीं, त्याच्यापुढें सोबत्यानें एकेक चौकट दाखवीत जावी आणि त्यानें डोळे मिटून 'होय' म्हणावें. गुरुजींनीं तोंवर गप्प राहावें. सर्वांत कठीण काम तेंच आहे.

पुढें श्रावणांत सारा वर्ग पैनगंगेवर सहस्रकुंडास न्यावा. धबधबा काळ्या कातळावरून कोसळत असतां तेथें कोणाचेंच बोलणें कोणास ऐकूं जात नाहीं. त्या क्षणीं मांडीवरच्या फलकाची खरी किंमत सर्व वर्गास कळेल!

'दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींस एवढा वेळ कोठला?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्यांच्या माथ्यावर कामांचा डोंगर आहे आणि मदतीस विशेष शिक्षक मिळावा ही मागणी न्याय्यच आहे. पण तो येईपर्यंत मुलाचें बालपण खोळंबून राहत नाहीं. शिवाय अंदाज आधीं सांगणें आणि उत्तरासाठीं क्षणभर थांबणें, यांत इतरांचें कोणतें नुकसान झालें? विचार करण्याआधींच हात वर करणाऱ्या चलाख मुलांस या थांबण्याची गरज अधिक आहे.

दुसरा आक्षेप घराघरांतून ऐकूं येतो: 'फलक दिला तर मूल बोलावयाचें प्रयत्नच सोडील.' आईबापांची ही भीति मायेची आहे, पण निराधार आहे. या विषयावरील संशोधनाचें एक परीक्षण २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. त्यांत ज्या २७ व्यक्तींविषयींचा पुरावा भरवंशाचा ठरला, त्यांतील एकाचेंहि बोलणें साधनामुळें कमी झालें नव्हतें; बहुतेकांचें थोडें वाढलेंच होतें.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाहीं, परंतु मनांत तोच मुख्य असतो: 'ज्याला बोलतांच येत नाहीं, त्याला विज्ञान काय कळणार?' डॉ. व्ही. जी. कुलकर्णी यांनीं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांत गरीब वस्त्यांतील मुलांबरोबर काम करून दाखवून दिलें, कीं मुलें विज्ञानांत मागें पडतात त्यांत भाषेच्या अडसराचा वांटा मोठा असतो. वाणी आणि बुद्धि या दोन निराळ्या वस्तू आहेत. १९७२ मध्यें मुंबईंत 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' काढणाऱ्या मिठू अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांचें बोलणें परक्यास कळत नाहीं. त्या एका बोटानें टंकलेखन करितात. त्याच बोटाच्या बळावर त्यांनीं लंडनमध्यें दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि आत्मचरित्र लिहिलें. स्टीफन हॉकिंग यांची वाणी १९८५ मध्यें शस्त्रक्रियेनें कायमची गेली. त्यानंतर २०१८ पर्यंत, ३३ वर्षें, ते यंत्राच्या आवाजानें विश्वाविषयीं बोलत राहिले. त्यांची तसबीर आम्ही प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अभिमानानें लावितों, आणि त्याच तसबिरीखालीं बसलेल्या आमच्या मुलाच्या हातीं लोहचुंबक द्यावयास कचरतों! परक्या देशांतल्या थोराचें कौतुक फुकट असतें. घरच्या मुलाची वाट पाहण्यास दोन मिनिटें खर्चावीं लागतात.

सुशिक्षित वाचकांस आमची विनंती एवढीच. आपल्या गांवच्या शाळेंत असें मूल असेल, तर त्याला खाऊ देऊन परत येऊं नका. त्याचा फलक मागून घ्या आणि त्यावर 'कां?' आहे कीं नाहीं तें पाहा. नसेल तर खिशांतून पेन्सिल काढा आणि शाळा सोडण्यापूर्वीं तो शब्द तेथें लिहा. आणि तें मूल त्या चौकटीकडे पाहूं लागेल, तेव्हां घड्याळाकडे पाहूं नका.