घरातल्या वस्तू : फ्रीज

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरात सगळ्यात जास्त राबतं कोण? फ्रीज. दरवाजा लागत नाही म्हणून गुडघ्याने रेटायचा, दूध ओट्यावर काढून ठेवायचं, आणि तरी शेजारणीची एक पिशवी "जरा तुमच्याकडे ठेवता का?" म्हणत येतेच.

माझ्या दादीच्या घरी फ्रीज 1984 साली आला. त्याआधी गोश्त संध्याकाळपर्यंत वाटून संपायचं. उरलंच तर मीठ-हळद लावून त्याच्या पट्ट्या दोरीवर वाळत घालायच्या. "फ्रीज आला आणि हिस्से लहान झाले," असं दादी म्हणायची. अम्मीला ते पटत नसे. "तेव्हा नासेल म्हणून वाटत होतो, त्यात कसला मोठेपणा?" हा वाद दर ईदला व्हायचा आणि कधीच मिटला नाही.

फ्रीज नव्हता तेव्हाही आपल्या देशात विलायती बर्फ मिळत होता, हे मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने 1833 साली तिथल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला पाठवला. निघताना तो 180 टन होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे 100 टन शिल्लक राहिला. विषुववृत्त दोनदा ओलांडून! युक्ती साधी होती: लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेल्या लाद्या. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. मद्रासचं बर्फघर आजही समुद्रकिनारी उभं आहे. हा बर्फ अर्थातच साहेबांच्या आणि शेठजींच्या पेल्यांसाठी होता. बाकीच्यांना माठ होताच.

आणि खरं तर फ्रीज माठाचाच भाऊ आहे. माठातून पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम कलन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास हेच ईथरवर करून दाखवलं. 1834 मध्ये जेकब पर्किन्सने लंडनमध्ये पेटंट घेतलं. वाफ झालेला द्रव दाबून पुन्हा द्रव करायचा आणि तोच फिरवत राहायचा, ही त्याची कल्पना. आपल्या फ्रीजचा काँप्रेसर आजही तेच करतो. म्हणजे फ्रीज आत थंडी भरत नाही, आतली उष्णता उचलून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. म्हणून तो भिंतीला चिकटवून ठेवला की वीज जास्त खातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीज घरात शिरला, पण पोटात विष घेऊन. नळ्यांमधून अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड फिरत असे. जोड सैल झाला की गॅस खोलीत पसरायचा. बर्लिनमध्ये एक अख्खं कुटुंब असं झोपेत गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाले, असं सांगतात. त्यांनी लिओ झिलार्डसोबत हलणारे भाग नसलेल्या फ्रीजचं पेटंट 1930 मध्ये मिळवलं. तो फ्रीज घरोघरी काही पोचला नाही, कारण तोवर अमेरिकेत थॉमस मिजली यांनी फ्रिऑन शोधला होता. न जळणारा, न विषारी. 1930 मध्ये मिजलींनी तो वायू लोकांसमोर स्वतः हुंगला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली. लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

तोच वायू वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतो, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दिला. अंटार्क्टिकावरचं भगदाड 1985 मध्ये जगासमोर आलं आणि 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. मला या सगळ्या कथेतला हाच भाग मोठा वाटतो: नफ्यात चाललेली वस्तू जगाने मिळून थांबवली. असं फार वेळा होत नाही.

भारतात गोदरेजने 1958 मध्ये फ्रीज बनवायला सुरुवात केली. आज नव्या फ्रीजच्या मागे बहुधा 'आर-600ए' असं लिहिलेलं दिसेल. तो आयसोब्युटेन, म्हणजे जळणारा वायू. प्रमाण अगदी थोडं असतं, घाबरायचं कारण नाही. पण फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडणाऱ्या भगिनींनी ती सवय आजच सोडावी. नळीला भोक पडलं तर दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

आता ईदचं गोश्त. फ्रीज जंतू मारत नाही, त्यांना फक्त सुस्त करतो. ताजं गोश्त मोठ्या पिशवीत कोंबलं, तर बाहेरून गोठलं तरी मधला गोळा कितीतरी तास कोमट राहतो आणि तिथेच वास धरतो. अर्ध्या-एक किलोच्या चपट्या पुड्या करा, मध्ये हवेला वाट ठेवा. फ्रीझर उणे 18 अंशांवर, खालचा कप्पा 5 अंशांच्या आत. वीज गेली तर दार उघडून "बघू बरं" करू नका. बंद दारामागे खालचा कप्पा सुमारे चार तास तग धरतो.

शेजारणीच्या पिशवीवर मात्र नाव लिहा. गेल्या वर्षी आमच्याकडे तीन घरांचं गोश्त होतं, आणि मोहर्रममध्ये आम्ही कोणाचं शिजवलं, ते अजून कळलेलं नाही.